तटस्थतेचं गिऱ्हाईक

शाळेच्या इतिहासात अमेरिकेची तटस्थता एका रविवारी सकाळी संपते. ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर, जपानी विमानं. गोष्ट लक्षात ठेवायला सोपी आहे, पण हिशेबात बसत नाही. त्या सकाळपर्यंत अमेरिकेने ब्रिटनला ५० विनाशिका देऊन झाल्या होत्या. उधारीवर युद्धसामग्री पुरवण्यासाठी ७ अब्ज डॉलरचा पहिला हप्ता मंजूर होऊन आठ महिने उलटले होते. आइसलँडमध्ये अमेरिकी सैनिक तळ ठोकून होते, अटलांटिकमधल्या अमेरिकी नौदलाला जर्मन पाणबुड्यांवर दिसताक्षणी हल्ला करायची मुभा होती, आणि ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका जर्मन टॉर्पेडोने बुडून किमान शंभर खलाशी मेले होते. एवढं करूनही जो देश तटस्थ, त्याच्या तटस्थतेला तट तरी कुठला उरला होता?

तेव्हा प्रश्न पर्ल हार्बरने काय केलं हा नाही. तोवर बुडण्याजोगं काय शिल्लक राहिलं होतं, हा आहे. अमेरिकेची तटस्थता शांततावादातून आली असं समजलं, तर तिचा शेवट कधीच नीट कळत नाही. ती पहिल्यापासून एका व्यापाऱ्याची तटस्थता होती. ‘तुमच्या भांडणात आम्ही नाही, पण दुकान दोघांसाठी उघडं आहे’ ही तिची मूळ पाटी. दुकान लहान होतं तोवर ही पाटी चालली. दुकान जगातलं सर्वांत मोठं झालं, तेव्हा उघडं ठेवणं म्हणजे एकाची बाजू घेणं आणि बंद ठेवणं म्हणजे दुसऱ्याची, अशी अवस्था आली. तटस्थता त्या वाढीनेच संपवली.

मुळापासून पाहू. फेब्रुवारी १७९३ मध्ये फ्रान्सने ब्रिटनशी युद्ध पुकारलं. अमेरिका १७७८ च्या तहाने फ्रान्सची दोस्त, त्या दोस्तीवरच तिचं स्वातंत्र्य उभं. तरीही २२ एप्रिल १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन्ही बाजूंशी मैत्रीचं आणि निःपक्षपाती वर्तन ठेवण्याची घोषणा काढली. गंमत म्हणजे त्या घोषणेत ‘तटस्थता’ हा शब्दच नाही; तो मुद्दाम टाळलेला होता. त्याच सुमारास फ्रान्सचे दूत एदमों जने हे चार्ल्सटन बंदरात उतरले आणि अमेरिकी खलाशी भरून ब्रिटिश जहाजं लुटायला खाजगी लढाऊ गलबतं सोडू लागले. अशा एका गलबतावरच्या गिडियन हेनफील्ड या मॅसॅच्युसेट्सच्या खलाशावर खटला भरला गेला. ज्यूरीने त्याला सोडून दिलं, कारण त्याने मोडलेला कायदाच अस्तित्वात नव्हता. राष्ट्राध्यक्षांची घोषणा म्हणजे कायदा नव्हे, हे सरकारच्या पुरेपूर लक्षात आलं. त्यातून ५ जून १७९४ चा तटस्थता कायदा जन्माला आला.

या कायद्याची बांधणी नीट पाहिली की पुढचं दीड शतक उलगडतं. अमेरिकेशी शांतता असलेल्या देशाविरुद्ध अमेरिकी भूमीवरून लष्करी मोहीम उभारणं गुन्हा. परक्या सैन्यासाठी इथे भरती करणं गुन्हा. युद्धमान देशासाठी इथे जहाज सज्ज करून शस्त्रं चढवणं गुन्हा. शस्त्रं विकणं मात्र गुन्हा नाही. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी १७९३ मध्येच ब्रिटिश दूताला बजावलं होतं की शस्त्रं बनवणं नि विकणं हा आमच्या काही नागरिकांचा धंदा आहे, परक्यांच्या युद्धापायी तो बंद करणार नाही; वाटेत तुम्ही माल पकडलात तर नुकसान विकणाऱ्याचं. सरकारने कोणाला काही द्यायचं नाही, नागरिकांनी मोहीम काढायची नाही, पण व्यापाऱ्याने कोणालाही काहीही विकावं, अशी ही तीन खणांची पेटी होती.

या पेटीचा चटका आपल्या माणसांनाही बसला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या ज्या गदर चळवळीत होते, तिच्यासाठी १९१५ मध्ये जर्मन पैशाने घेतलेल्या हजारो रायफली सॅन दिएगोहून ‘ॲनी लार्सन’ या शिडाच्या जहाजात चढवल्या गेल्या. मेक्सिकोच्या सोकोरो बेटाजवळ ‘मॅव्हरिक’ या दुसऱ्या जहाजाशी गाठ पडायची होती. ती पडली नाही आणि माल अखेर वॉशिंग्टन राज्यात जप्त झाला. १९१७-१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला तो १७९४ च्या त्याच कलमाच्या वारसावर: ब्रिटनच्या हिंदुस्थानविरुद्ध अमेरिकी भूमीवरून लष्करी मोहीम उभारण्याचा कट. त्याच काळात न्यूयॉर्कच्या धक्क्यांवरून ब्रिटनला जाणारा दारूगोळा कित्येक पटींनी जास्त होता. पण ती ‘विक्री’ होती. कायदा दोघांनाही तोच लावला गेला. कायद्याच्या शब्दात पक्षपात नव्हता, तो पेटीच्या घडणीत होता.

एकोणिसाव्या शतकात ही घडण दोनदा ताणली गेली. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटन आणि फ्रान्स दोघेही अमेरिकी जहाजं धरू लागले, तेव्हा आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसन यांनी उलटा उपाय केला. डिसेंबर १८०७ मध्ये परदेशी व्यापारच बंद. निर्यात एका वर्षात १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली. न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली, कॅनडाच्या सीमेवर तस्करी फोफावली, आणि लंडन-पॅरिसवर ढिम्म परिणाम झाला नाही. जेफरसन यांची कारकीर्द संपता संपता कायदा गुंडाळावा लागला आणि १८१२ मध्ये जे टाळायचं होतं ते ब्रिटनशी युद्ध झालंच. दुकान बंद करून तटस्थता टिकत नाही हा धडा इथेच मिळाला होता. तो सव्वाशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

दुसरा प्रसंग यादवी युद्धातला. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांसाठी ब्रिटनमधल्या बर्कनहेडच्या गोदीत ‘अलाबामा’ ही युद्धनौका बांधली गेली आणि तिने उत्तरेची साठेक जहाजं पकडली वा जाळली. युद्धानंतर अमेरिकेने ब्रिटनच्या मागे तगादा लावला: तटस्थ देशाने युद्धनौका बाहेर पडू दिलीच कशी? १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १.५५ कोटी डॉलरचा दंड केला. तटस्थ सरकारच्या हातून लढाऊ जहाज युद्धमान देशाकडे जाता कामा नये, हा नियम पुढे १९०७ च्या हेग करारात लेखी आला. अमेरिकेने भांडून मिळवलेला हा नियम. तो कोणी मोडला ते पुढे येईल.

आता १९१४. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लोकांना विचारातही निःपक्षपाती राहायला सांगितलं, हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून महत्त्वाचं आहे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांचं ऑगस्ट १९१४ मधलं मत. युद्धमान देशांना कर्ज देणं तटस्थतेशी विसंगत आहे, कारण पैसा हा सर्वांत वाईट युद्धनिषिद्ध माल. त्याच्या जोरावर बाकी सगळा माल मिळतो. मला विचाराल तर त्या साऱ्या काळात अमेरिकेच्या सरकारात नेमकं बोलणारा हा एकटाच माणूस. पण त्याचं म्हणणं दोन महिनेच टिकलं. ऑक्टोबरमध्ये ‘कर्ज’ आणि ‘व्यापारी उधारी’ असा फरक काढला गेला: रोखे विकून पैसा उभारणं वाईट, पण गिऱ्हाइकाला मालाची उधारी देणं म्हणजे नेहमीचा व्यवहार. जानेवारी १९१५ मध्ये मॉर्गन पेढी ब्रिटनची खरेदी-दलाल झाली. जून १९१५ मध्ये ब्रायन यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये ५० कोटी डॉलरचं ब्रिटन-फ्रान्सचं कर्ज न्यूयॉर्कच्या बाजारात खुलेआम विकलं गेलं.

दरम्यान समुद्रावर काय चाललं होतं? ब्रिटनने नोव्हेंबर १९१४ मध्ये उत्तर समुद्र लष्करी क्षेत्र जाहीर केला, सुरुंग पेरले, निषिद्ध मालाची यादी लांबवत नेली आणि ऑगस्ट १९१५ मध्ये कापूससुद्धा तीत घातला. हे सगळं जुन्या सागरी नियमांत बसत नव्हतं. अमेरिकेने निषेधाचे खलिते धाडले आणि माल मुकाट दोस्तराष्ट्रांकडे वळवला. आकडेच पाहा. १९१४ मध्ये दोस्तराष्ट्रांशी व्यापार सुमारे ८२.५ कोटी डॉलर. १९१६ मध्ये ३.२ अब्ज. जर्मनी-ऑस्ट्रियाशी १९१४ मध्ये सुमारे १७ कोटी. १९१६ मध्ये जेमतेम १० लाखांच्या घरात. कर्जांतही तेच: एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना सुमारे २.३ अब्ज डॉलर, जर्मनीला २.७ कोटी. दुकान दोघांसाठी उघडं होतं, पण दुकानाच्या वाटेवर एकाच गिऱ्हाइकाचा पहारा होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्रिटनने जर्मनीची नाकेबंदी केली आणि जर्मनीने पाणबुड्यांनी ब्रिटनची, म्हणजे दोघे सारखेच, असा युक्तिवाद तेव्हाही होता. पण नाकेबंदीचं जहाज माल जप्त करतं, त्याची भरपाई नंतर मागता येते. पाणबुडी लहान, कवच पातळ, वर माणसं थोडी. ती वर येऊन जहाज थांबवायला, कागद तपासायला, प्रवाशांना होड्यांत उतरवायला लागली, तर व्यापारी जहाजावरच्या एका तोफेने बुडू शकते. म्हणून ती न सांगता मारते, आणि मेलेल्या माणसाची भरपाई नसते. ७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’वर ११९८ जण मेले, त्यांत १२८ अमेरिकी. यावर साधा उपाय होता: युद्धमान देशांच्या जहाजांनी प्रवास करू नका, असं नागरिकांना सांगणं. तसा ठराव १९१६ मध्ये प्रतिनिधिगृहात आलाही. विल्सन यांच्या दबावाने २७६ विरुद्ध १४२ मतांनी तो बाजूला ठेवला गेला. हक्क सोडायचा नाही, ही भूमिका. मालाबरोबर माणसाचाही हक्क प्रतिष्ठेचा झाला आणि तटस्थतेची सूत्रं जर्मन नौदलाच्या हाती गेली.

‘मॉर्गनच्या कर्जापायी अमेरिका युद्धात उतरली’ ही लोकप्रिय मांडणी मला पटत नाही. उलट १९१६ च्या शेवटी कर्जाचा ओघ आटायला लागला होता. ब्रिटनच्या अर्थखात्याचा हिशेब होता की रोजच्या ५० लाख पौंड युद्धखर्चातले सुमारे २० लाख उत्तर अमेरिकेत उभारावे लागतात. तारण द्यायला ब्रिटनकडे फारसं उरलं नव्हतं. नोव्हेंबरअखेर फेडरल रिझर्व्हने अमेरिकी बँकांना बिनतारणी परदेशी हुंड्यांपासून सावध राहायला सांगितलं. जर्मनी सहा महिने गप्प बसली असती, तर दुकानदारानेच उधारी बंद करून ब्रिटनला तडजोडीला बसवलं असतं, अशी खरी शक्यता होती. पण बर्लिनचा हिशेब निराळा. ॲडमिरल होल्त्सेनडॉर्फ यांनी २२ डिसेंबर १९१६ च्या टिपणात मांडलं की महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली, तर पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल. अमेरिका विरोधात जाईल? जाऊ दे. ती आजच सगळा माल देते आहे. युद्ध पुकारून आणखी काय देणार? जर्मनीच्या दृष्टीने तटस्थ अमेरिका आणि शत्रू अमेरिका यांत फरकच उरला नव्हता, आणि ज्या तटस्थाची तटस्थता शत्रूला जाणवतच नाही, त्याला तिचं संरक्षण कुठून मिळणार? १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना मोकळं रान मिळालं. त्यात मेक्सिकोला टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवून देण्याचं आमिष दाखवणारी जर्मनीची तार फुटली आणि परराष्ट्रमंत्री त्सिमरमान यांनी ती आपलीच असल्याचं कबूल केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. सिनेटमध्ये विरोधात फक्त ६ मतं, प्रतिनिधिगृहात ५०.

यानंतरचा अध्याय माझ्या मते जास्त बोधप्रद आहे, कारण त्यात अमेरिकेने प्रामाणिकपणे चूक सुधारायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक सुधारणा उलटली. नॉर्थ डकोटाचे सिनेटर जेराल्ड नाय यांच्या समितीने १९३४ ते १९३६ अशी दोन वर्षं शस्त्रउत्पादक आणि बँकर यांची झाडाझडती घेतली. निष्कर्ष लोकांना आवडणारा होता: नफेखोरांनी देशाला युद्धात ढकललं. मग नफ्याची प्रत्येक वाट बुजवणारे कायदे आले. ३१ ऑगस्ट १९३५ च्या कायद्याने दोन्ही युद्धमान देशांना शस्त्रविक्री बंद. फेब्रुवारी १९३६ मध्ये कर्ज बंद. मे १९३७ मध्ये त्यांच्या जहाजांतून प्रवास बंद, आणि शस्त्रांखेरीज इतर माल हवा असेल तर राष्ट्राध्यक्ष म्हणतील तेव्हा रोख मोजून स्वतःच्या जहाजाने न्यायचा: ‘कॅश अँड कॅरी’. या रोखीच्या कलमाची मुदत दोन वर्षं. थोडक्यात, ब्रायन यांना १९१४ मध्ये जे हवं होतं त्याच्याही पुढे जाऊन.

काय झालं ते क्रमाने पाहा. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला. शस्त्रबंदी दोघांना लागू झाली. इटलीचे शस्त्रकारखाने स्वतःचे. इथिओपियाकडे एकही नाही. इटलीला परदेशातून लागत होतं ते तेल, आणि तेल ‘शस्त्र’ नव्हतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्यापाऱ्यांना नैतिक आवाहन केलं; इटलीला जाणारं अमेरिकी तेल वाढलं. स्पेनमध्ये तर दोन देशांचं युद्ध नव्हतंच, यादवी होती. कायदा लागू पडत नव्हता. म्हणून जानेवारी १९३७ मध्ये खास ठराव करून तिथेही शस्त्रबंदी लावली. सिनेटमध्ये ८१ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४०६ विरुद्ध १. फ्रँकोला हिटलर-मुसोलिनी शस्त्रं पुरवतच होते आणि एक अमेरिकी तेल कंपनी उधारीवर तेल; मान्यताप्राप्त सरकारला मात्र अमेरिकेत बंदूक विकत मिळेना. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली तेव्हा रूझवेल्ट यांनी कायदा लावलाच नाही. युद्ध रीतसर पुकारलेलं नाही, एवढं निमित्त पुरलं. लावला असता तर मालवाहू जहाजं नि परकीय चलन असलेला जपान टिकला असता आणि चीनच आवळला गेला असता. पण न लावल्यामुळे जपानही मोडीचं लोखंड आणि तेल घेतच राहिला. या कायद्याचं पालन आणि उल्लंघन दोन्ही पक्षपाताकडेच नेत होतं.

समान नियम असमान पक्षांना लावला की बळकटाला मदत होते, हे गावच्या पंचालाही कळतं. पण नाय समितीच्या अंगाने विचार करणाऱ्यांचं लक्ष विकणाऱ्याच्या हेतूवर होतं. विकत घेणाऱ्याच्या गरजेवर नव्हतं. शस्त्रं साठवून तयार असलेल्या आक्रमकाला शस्त्रबंदीची झळ लागत नाही. तयारी नसलेला मरतो. हिटलरला १९३५ ते १९३९ या काळात अमेरिकेच्या पुस्तकातला हा कायदा फुकटचा उपयोगी पडला.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं. ५ तारखेला रूझवेल्ट यांनी तटस्थतेची घोषणा केली. तीत युद्धमान देशांच्या यादीत ब्रिटनच्या शेजारी हिंदुस्थानचं नाव स्वतंत्रपणे होतं. व्हाइसरॉयने हिंदी नेत्यांना न विचारता देशाला युद्धात ओढून दोनच दिवस झाले होते. ४ नोव्हेंबरच्या नव्या कायद्याने शस्त्रबंदी उठली, पण अट तीच: रोख मोजा, माल स्वतः न्या. अमेरिकी जहाजांना ब्रिटन-फ्रान्सच्या भोवतालच्या समुद्रात जायला मनाई. हिंदी महासागर, बंगालचा उपसागर, अरबी समुद्र इथली बंदरं मात्र शस्त्रांखेरीज इतर मालासाठी मोकळी ठेवली गेली. तिकडचा व्यापार बुडवायची कोणाचीच इच्छा नव्हती. ज्या समुद्रहक्कासाठी १९१७ मध्ये युद्ध केलं, तो हक्क या कायद्याने अमेरिकेने आपण होऊन सोडला.

आणि मग सुरू झाली कसरत. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनसाठी बनलेली हडसन बॉम्बर विमानं नॉर्थ डकोटातल्या पेंबिना गावापाशी, कॅनडाच्या सीमेला लागून, बर्फावर उतरवली जायची. अमेरिकी वैमानिकाने ती युद्धमान कॅनडात उडवत नेणं कायद्यात बसत नव्हतं. म्हणून घोडे जुंपून विमान सीमेपार ओढायचं, आणि पलीकडून दुसऱ्याने उडवायचं. हे सिनेटर नाय यांचंच राज्य. डंकर्कनंतर जून १९४० मध्ये याहून मोठा प्रकार झाला. सुमारे ५ लाख रायफली, ९०० तोफा, ८० हजार मशीनगन. पहिल्या महायुद्धापासून घट्ट वंगणात बुडवून गोदामांत ठेवलेला लष्करी माल ‘जास्तीचा’ ठरवला गेला. सरकारने तटस्थ असताना युद्धमान देशाला शस्त्रं विकणं बेकायदा, म्हणून सरकारने तो पोलाद उद्योगातल्या एका निर्यात कंपनीला विकला आणि कंपनीने त्याच दिवशी, त्याच सुमारे ३.७ कोटी डॉलर किमतीला ब्रिटनला. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हे. पण लपवण्याची गरज भासत होती, हेही ध्यानात घ्यावं. १७९३ ची पेटी अजून मोडली नव्हती. तिसऱ्या खणातून माल जात होता.

ती मोडली २ सप्टेंबर १९४० ला, आणि शेवटाची तारीख मागितलीच तर मी हीच देईन. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या, चार धुराड्यांच्या ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला. बदल्यात न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश गयानापर्यंतच्या तळांचे ९९ वर्षांचे हक्क. इथे मधे कोणी व्यापारी नव्हता. एका सरकारने दुसऱ्या सरकारला युद्धनौका दिल्या होत्या. ‘अलाबामा’च्या निमित्ताने अमेरिकेनेच जगाच्या गळी उतरवलेला नियम तिनेच मोडला. घरचे दोन कायदेही आडवे होते. एक सांगत होता की नौदलप्रमुख ‘देशाच्या संरक्षणाला आवश्यक नाही’ असा दाखला देत नाहीत तोवर जहाज द्यायचं नाही. ॲडमिरल स्टार्क यांनी दाखला दिला, कारण जुन्या जहाजांपेक्षा मिळणारे तळ संरक्षणाला जास्त मोलाचे. दुसरा, १९१७ चा कायदा, युद्धमान देशाला देण्याच्या हेतूने बांधलेलं जहाज बाहेर सोडायला बंदी घालत होता. ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी ‘हेतूने बांधलेलं’ या शब्दांवर बोट ठेवलं. वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या जहाजांत असा हेतू असणार कसा? त्याच न्यायाने, नव्याने बांधल्या जाणाऱ्या छोट्या टॉर्पेडो नौका देता येणार नाहीत असंही त्यांनी सांगितलं. वकिली म्हणून हे मत हुशार आहे. हेग कराराचं उत्तर त्यात नाही. हा व्यवहार तटस्थतेत बसणारा नव्हता आणि जर्मनीला युद्ध पुकारायला पुरेसा होता, हे पुढे खुद्द चर्चिल यांनीच मान्य केलं.

कॅश अँड कॅरीचे उरलेले दोन पाय मग एकेक करून गेले. आधी रोकड संपली. १९४० च्या अखेरीस ब्रिटनकडचे डॉलर आणि सोनं आटलं. कर्ज देता येईना, कारण तटस्थता कायदा आडवा, शिवाय पहिल्या युद्धाचं कर्ज थकवणाऱ्यांना नवं कर्ज देऊ नये असा १९३४ चा जॉन्सन कायदाही आडवा. म्हणून रूझवेल्ट यांनी पैशाचा उल्लेखच काढून टाकला. त्यांचा दाखला असा: शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बागेतली पाण्याची नळी आपण भाड्याने देत नाही, आग विझल्यावर ती परत घेतो. ११ मार्च १९४१ ला लेंड-लीज, म्हणजे युद्धसामग्री उसनी देण्याचा, कायदा झाला. मग वाहतुकीचा पाय. देणगीचा माल अटलांटिकच्या तळाशी जाऊ लागला, तर देण्याला अर्थ काय? म्हणून आधी गस्त, मग आइसलँड, मग संरक्षक ताफे. सप्टेंबरमध्ये ‘ग्रीअर’ या विनाशिकेवर टॉर्पेडो सोडला गेला तेव्हा रूझवेल्ट यांनी तो विनाकारण हल्ला असल्यासारखा मांडला. ती विनाशिका कित्येक तास त्या पाणबुडीचा माग काढून ब्रिटिश विमानाला ठिकाण कळवत होती, हे सांगितलं नाही. रूझवेल्ट यांनी लोकांना अंधारात ठेवलं हा आक्षेप इथे पूर्णपणे खरा आहे, आणि त्यांचे चाहते तो उगाच झटकतात. १७ नोव्हेंबर १९४१ ला अमेरिकी व्यापारी जहाजांना शस्त्रं बसवून थेट ब्रिटिश बंदरांत जायची परवानगी मिळाली. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ३७, प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध १९४. पर्ल हार्बरला तीन आठवडे उरले होते आणि निम्मा देश अजून नको म्हणत होता. पण नको काय म्हणत होता? मदतीला फारसा विरोध उरला नव्हता. विरोध होता तो मदतीचा परिणाम स्वतःच्या अंगावर घ्यायला.

युद्धापासून दूर राहा म्हणणाऱ्या अमेरिका फर्स्ट कमिटीतल्या लोकांचा युक्तिवाद त्यामुळेच तर्काच्या दृष्टीने जास्त सरळ होता, हे मान्य केलं पाहिजे. एक पाऊल टाकलंत की पुढचं टाकावं लागेल, असं ते म्हणत होते आणि तसंच झालं. चूक झाली ती पहिल्या गृहीतात. पाऊल न टाकणं म्हणजे जागेवर उभं राहणं, असं त्यांना वाटत होतं. जपानच्या बाबतीत तर न विकणं हेच सर्वांत मोठं पाऊल ठरलं. जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठवली, तेल थांबलं. जपानच्या तेलाचा बहुतांश पुरवठा अमेरिकेतून होत होता. साठा किती महिने पुरेल याची मोजणी तोक्योत सुरू झाली आणि ती मोजणी हवाईपर्यंत घेऊन गेली. स्वित्झर्लंडने तेल विकणं थांबवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

कायद्याचं तत्त्वज्ञान मागाहून आलं, नेहमीप्रमाणे. मार्च १९४१ मध्ये जॅक्सन यांनी मांडणी केली की १९२८ च्या पॅरिस कराराने आक्रमक युद्धच बेकायदा ठरवलं आहे. तेव्हा आक्रमक आणि बळी यांना एका तागडीत तोलण्याचं बंधन तटस्थावर उरत नाही. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने, ज्याच्यावर कारवाई चालू आहे त्याला मदत न देणं हे सदस्यांचं कर्तव्यच केलं. नाय यांच्या चौकशीच्या ठरावाचे सहप्रस्तावक सिनेटर व्हँडेनबर्ग यांनीच १९४८ मध्ये लष्करी युतीची वाट मोकळी करणारा ठराव ६४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर करून घेतला, आणि १९४९ मध्ये नाटो आली. त्याच वर्षी अमेरिकेत गेलेले नेहरू आपल्या अलिप्ततेला तटस्थता म्हणू नका असं सांगत होते. शब्दाची पत तोवर अशी खालावली होती.

तरी कायदे गेले नाहीत. १९३९ च्या कायद्याची बरीच कलमं आणि १७९४ चं मोहीमबंदीचं कलम अमेरिकेच्या संहितेत आजही आहेत. १९८१ मध्ये डॉमिनिका या छोट्या कॅरिबियन देशाचं सरकार उलथायला न्यू ऑर्लिन्सहून बोटीने निघू पाहणारी भाडोत्री टोळी त्याच कलमाखाली आत गेली. दोनच वर्षांनी, जिथे गदरच्या लोकांना शिक्षा झाली त्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच जिल्हा न्यायालयात काँग्रेस सदस्य रॉन डेलम्स आणि इतरांनी विचारलं: निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध काँट्रा बंडखोरांना शस्त्रं नि प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना आणि मंत्र्यांना हे कलम लागू आहे की नाही? न्यायाधीशांनी प्राथमिक चौकशीचा आदेश दिला. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कलम राष्ट्राध्यक्षांना लागू नाही असं काही त्या न्यायालयाने म्हटलं नाही. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फिर्यादींना नाही, एवढंच म्हटलं.